श्वानप्रदर्शनातली फसवणूक : तयारी कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते?

सई_माण | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्याकडे तीन पिढ्या कारवानी जातीची शिकारी कुत्री आहेत. आजोबांच्या वेळी वंशावळीचे पेपर, ओळखीची चिप, शो असलं काही नव्हतं. मेंढरांच्या वाड्यावर उन्हात न दमणारं, थोडक्यात भागवणारं, पळणारं कुत्रं पाहिजे, एवढाच हिशेब. शोचा नाद मला लागला चार वर्षांपूर्वी. पहिल्यांदा रिंगमध्ये उभी राहिले तेव्हा जजनी आमच्या बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला खरंच पळवता ना तुम्ही?" त्या एका वाक्यावर मी चार वर्षं पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारल्या.

बिजलीला गेल्या वर्षी एका चॅम्पियन मेलकडे नेलं. सात पिल्लं झाली, चार मेल, तीन फिमेल. त्यातला हरण्या मी ठेवला. रंग हरणासारखा, मान लांब, चालायला लागला की बघतच राहावं असा. आता साडेनऊ महिन्यांचा आहे आणि त्याचं एकच वृषण खाली उतरलंय.

पिल्लू असताना "उतरेल, उतरेल" म्हणत राहिलो. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका हँडलरना (शोच्या रिंगमध्ये कुत्रं नेणारे) दाखवला. त्यांनी हात लावून पाहिलं आणि सहज सांगितलं, "एक डॉक्टर आहेत, खाली ओढून टाका घालून देतील. अगदीच नाही जमलं तर सिलिकॉनचं बसवतात. केस वाढले की कुणाला कळतंय. वर्षभरात चॅम्पियन करून देतो, मग मेटिंगला रांग लागेल."

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. हे लिहायला जड जातंय, पण खरं ते लिहिते. चार दिवस घरात कुणाला काही बोलले नाही. रात्री हरण्या पायाशी येऊन झोपायचा आणि माझ्या डोक्यात हिशेब चालू.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्या मते शोमध्ये तयारी कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते? दुसरी, मला जास्त छळणारी. हरण्याच्या बापाला मी स्वतः पाहिलंय, दोन्ही व्यवस्थित आहेत. पण ती खरी आहेत का, हे मला कसं कळणार?

कुणाचंही नाव लिहू नका, मीही लिहिणार नाही.

---

मॉडरेटर | १२ जानेवारी, रात्री १०:०५

चर्चा जरूर करा. व्यक्ती, केनेल, क्लब, दवाखाना ओळखता येईल असा मजकूर काढला जाईल.

---

पशुवैद्य_७७ | १२ जानेवारी, रात्री ११:२०

सईताई, आधी हरण्याबद्दल.

साधारण दोन महिन्यांपर्यंत दोन्ही वृषणं खाली यायला हवीत. काही पिल्लांत उशीर होतो म्हणून आम्ही सहा महिन्यांपर्यंत थांबतो. साडेनऊ महिन्यांनंतर आशा धरू नका. पोटात किंवा जांघेत राहिलेलं वृषण शरीराच्या उष्णतेत राहतं. पुढे त्यात गाठ होण्याची शक्यता नेहमीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, कधी ते पीळ पडून जिवावर बेततं. म्हणून योग्य उपचार एकच, दोन्ही काढून टाकणं. दोन्ही यासाठी की खाली उतरलेलं जे आहे ते काम करतं, त्यापासून पिल्लं होतात, आणि हा दोष पुढच्या पिढीत जातो.

"ओढून टाका घालणं" ही शस्त्रक्रिया माणसाच्या मुलांत उपचार म्हणून करतात, आणि तिथे ती योग्यच आहे. कुत्र्यात ती केली की फायदा फक्त मालकाला आणि ट्रॉफीला. माझ्याकडे वर्षातून एक-दोन जण तरी विचारायला येतात. मी नाही म्हणतो. ते दुसरीकडे जातात, हेही मला माहीत आहे.

सिलिकॉनचं म्हणाल तर अमेरिकेत १९९५ पासून कुत्र्यांना अशी कृत्रिम वृषणं बसवतात. ज्यांना नसबंदीनंतर कुत्रा "रिकामा" दिसलेला आवडत नाही अशा मालकांसाठी ती बाजारात आली. ती घेऊन रिंगमध्ये उभं राहायला कुठेच परवानगी नाही. एफसीआयच्या (श्वानसंस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना) जातींच्या मानकांच्या शेवटी एक ओळ असते : नराची दोन्ही वृषणं नैसर्गिक दिसणारी आणि पूर्णपणे खाली उतरलेली असावीत. ही ओळ सौंदर्यासाठी नाही. मेटिंगला कुठला नर वापरू नये, हे ती सांगते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. नुसत्या बापाकडे बोट दाखवू नका. हा दोष आईकडूनही येतो. मादीत तो दिसायला जागाच नाही, म्हणून ती तो निवांत पुढे नेते. साधारण समज असा की दोन्ही पालकांकडून तो घटक आला की नरात दोष दिसतो. प्रत्यक्षात आनुवंशिकता याहून गुंतागुंतीची असावी, पण व्यवहारात धरून चाला की बिजलीही वाहक आहे आणि हरण्याच्या तीन बहिणींपैकी काही जणी असणार.

---

सई_माण | १२ जानेवारी, रात्री ११:४८

डॉक्टर, बिजलीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळा राग त्या बापावर काढत होते.

---

रिंगसाईड | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. शो म्हणजे स्पर्धा, आणि स्पर्धेत प्रत्येक जण आपलं कुत्रं चांगलं दिसावं म्हणून धडपडतो. पैलवान कुस्तीच्या आधी वजन उतरवतो, त्याला लबाड म्हणतो का आपण? पूडलचा कोट कातरून त्याची खोल छाती आणखी खोल दाखवतात, ती कलाच आहे. पांढऱ्या टेरियरच्या पायांना खडूची पावडर लावतात. शेफर्डला रिंगबाहेरून घरचं माणूस हाक मारतं, की कान ताठ, मान वर. हे सगळे करतात. एकट्याने नाही केलं तर तो मागे पडतो. नियम कागदावर असतात आणि रिंगमध्ये रीत असते. नवीन माणसाला हे आधीच सांगितलं तर त्याचा जीव कमी जळेल.

टाका घालण्याचं समर्थन मी करत नाही. पण खडूला आणि टाक्याला एकाच तराजूत घालू नका.

---

खिल्लारप्रेमी | १३ जानेवारी, दुपारी १:३०

कुत्र्यातलं मला कळत नाही, आम्ही बैलांची माणसं. पण हा प्रश्न आमच्या बाजारात फार जुना आहे.

प्रदर्शनाला खोंड न्यायचा तर आम्ही त्याची शिंगं साळतो, तेल लावतो, अंग घासून काढतो. बेंदराला हिंगूळ लावतो. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. समोरच्यालाही माहीत असतं की शिंगं साळलेली आहेत, त्यानेही साळलेलीच असतात. हा शृंगार.

पण दात कानशीने घासून जनावर कोवळं म्हणून दाखवलं, तर ती लबाडी. बैलगाडा शर्यतीत आदत गट असतो, म्हणजे दुधाचे दात असलेला खोंड. त्यात दोन दाती घुसवला तर पळणाऱ्या प्रत्येकाला फसवलं. घोड्यांचंही तसंच. सारंगखेड्याच्या बाजारात जाणकार माणूस आधी अंगावरचे भोवरे बघतो. नको त्या जागचा भोवरा डागून किंवा केस कापून लपवणारे लोक असतात, आणि ते सापडले की परत त्यांच्या दावणीला कुणी उभं राहत नाही.

माझे वडील सांगायचे, शृंगार धुतला की जातो, खोड धुतली तरी राहते. खोड लपवायची नाही. मला वाटतं तुमच्या कुत्र्यांच्या शोलाही हे लागू पडतं.

---

मीनल_नाशिक | १३ जानेवारी, दुपारी ३:१०

रिंगसाईड, तुम्ही म्हणता नवीन माणसाचा जीव कमी जळेल. शो न करणाऱ्या माणसाचं काय?

आम्ही लॅब्राडोर घेतला तो "चॅम्पियन ब्लडलाइन" म्हणून. बापाचे फोटो, ट्रॉफ्या, आई-वडिलांच्या नितंबाचे एक्स-रे, सगळं दाखवलं होतं. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला घरी आणला. चौदा महिन्यांचा असताना जिना चढेना. एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांची खोबण उथळ, हाड बाहेर सरकलेलं. पुढे कळलं की जो एक्स-रे आम्हाला दाखवला तो त्या बापाचा नव्हताच. प्लेटवर ना चिपचा नंबर होता, ना तारीख. आम्हाला काय बघायचं हे माहीत नव्हतं.

माझा मुलगा अजून त्याला उचलून गाडीत ठेवतो. बत्तीस किलोचा आहे तो.

---

पशुवैद्य_७७ | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:००

मीनलताई, वाचून वाईट वाटलं. इतरांच्या माहितीसाठी : आयएसओ मानकाच्या मायक्रोचिपवर १५ आकडी क्रमांक असतो. एक्स-रे काढण्याआधी स्कॅनर फिरवून तो क्रमांक वाचायचा आणि प्लेटवरच उमटवायचा, मागाहून पेनने लिहायचा नाही. एफसीआयच्या पद्धतीत कुत्रं किमान एक वर्षाचं असावं लागतं आणि ए ते ई अशी श्रेणी देतात. ए म्हणजे निर्दोष, ई म्हणजे सर्वांत वाईट. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आई-बापाची चिप तुमच्यासमोर स्कॅन करायला सांगा. जो ब्रीडर त्याला कुरकुरतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

---

लीड्सकर | १४ जानेवारी, रात्री २:२० (इथे रात्रीचे नऊच झालेत)

मी इंग्लंडमध्ये राहतो, बायकोकडे दोन व्हिपेट आहेत, दरवर्षी मार्चमध्ये बर्मिंगहॅमला क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनाला जातो. रिंगसाईड यांच्या "सगळे करतात" याबद्दल इथलं सांगतो. इथेही "सगळे करतात" हेच उत्तर पिढ्यान् पिढ्या चाललं होतं.

इथला केनेल क्लब १८७३ चा, क्रफ्ट्स १८९१ पासूनचं. कान कापलेल्या कुत्र्यांना शोमध्ये बंदी आली ती १८९८ साली. तेव्हाही लोक म्हणाले असतील की कान न कापता ग्रेट डेन कसा दिसेल. आज इथे कुणाला तो प्रश्न पडत नाही. कोटचा नियमही स्पष्ट आहे : केसांचा नैसर्गिक रंग, पोत किंवा भर बदलणारा कुठलाही पदार्थ शोच्या वेळी अंगावर असता कामा नये. म्हणजे खडू साफ करायला लावला आणि झटकून टाकला तर चालेल, अंगावर ठेवून आत गेलात तर नाही. अमेरिकेतही जजला असा कुत्रा रिंगबाहेर काढता येतो. खडू शृंगार आहे की खोड हे खिल्लारप्रेमींच्या कसोटीवर ठरवा : पाय जात्याच पांढरे असतील तर शृंगार, पिवळट असताना पांढरे दाखवले तर खोड.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथला सर्वांत मोठा हादरा नियम मोडणाऱ्यांनी दिला नाही, नियमात बसणाऱ्या कुत्र्यांनी दिला. २००८ साली बीबीसीने शुद्ध जातींच्या आरोग्यावर माहितीपट दाखवला. त्यात कॅव्हेलियर जातीचा एक विजेता होता, त्याच्या मेंदू-मणक्याचा वेदनादायक आजार ठाऊक झालेला होता आणि तरीही त्याच्यापासून पिल्लं घेणं चालू राहिलं होतं. त्या माहितीपटानंतर २००९ मध्ये बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच बंद केलं. मग २०१२ साली पंधरा जातींच्या विजेत्यांना स्वतंत्र पशुवैद्याची तपासणी सक्तीची झाली. जजने निवडलेल्या पंधरापैकी सहा नापास झाले. पेकिनीज, बुलडॉग, मॅस्टिफ, निओपॉलिटन मॅस्टिफ, क्लंबर स्पॅनिएल आणि बॅसेट हाउंड. मालक रडत होते, ओरडत होते, आणि त्यांनी लपवाछपवी काहीच केलेली नव्हती. कुणीही टाका घातला नव्हता. दोष सगळ्यांसमोर उघडा होता आणि त्यालाच सौंदर्य म्हणायची सवय लागली होती.

२०१६ ला पाठ उताराची, मागचे पाय जवळजवळ जमिनीला टेकवत चालणारी एक जर्मन शेफर्ड जातीत पहिली आली. टीव्हीवर लोकांनी ते चालणं पाहिलं आणि गदारोळ झाला. मग कुत्र्याला आधाराशिवाय शांत उभं राहता आलं पाहिजे, हे मानकात लिहावं लागलं. विचार करा, हेही लिहावं लागलं.

---

आप्पा_सोलापूर | १४ जानेवारी, सकाळी ९:००

लीड्सकर, क्रफ्ट्सला कुत्र्याला विष घातलं होतं ना? तेही लिहा. जिंकण्यासाठी माणूस कुठल्या थराला जातो ते कळू दे सगळ्यांना.

---

लीड्सकर | १४ जानेवारी, दुपारी ४:४५

आप्पा, बरं झालं विचारलंत, कारण ती गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत आहे.

२०१५ ची गोष्ट. जॅगर नावाचा आयरिश सेटर, त्याच्या वर्गात दुसरा आला होता. शोनंतर बेल्जियमला घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी मेला. पोटात मांसाचे तुकडे आणि विष सापडलं. जगभर बातमी झाली की प्रतिस्पर्ध्याने क्रफ्ट्समध्ये, कुत्री बसवतात त्या बाकावर, विष घातलं. पुढे तपासणीत कार्बोफ्युरान आणि आल्डिकार्ब ही कीटकनाशकं निघाली. ही झपाट्याने भिनतात, लक्षणं दिसायला दिवस जात नाही. म्हणून केनेल क्लबने सांगितलं की विष बेल्जियममध्येच पोटात गेलं असावं. तोवर त्या दिवशी शेजारच्या बाकांवर असलेल्या माणसांकडे सगळं जग संशयाने पाहत होतं.

२००३ चा विजेता पेकिनीज डॅनी, त्याचंही तेच. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया केली अशी तक्रार झाली. चौकशीत निघालं की शस्त्रक्रिया घशाची होती, आणि त्याला दोषमुक्त केलं. पण मला नेहमी वाटतं की प्रश्न चेहऱ्याचा नव्हताच, घशाचाच होता. ज्या कुत्र्याला नीट श्वास घेता येत नाही तो देशातला सर्वोत्तम कसा? हा प्रश्न तेव्हा विचारणारे थोडे होते.

म्हणून सईताई, हरण्याच्या बापाबद्दल पुरावा नसताना शब्द जपून वापरताय हे चांगलं आहे.

---

सई_माण | १४ जानेवारी, रात्री १०:३०

हो. पण एक सांगते. काल मला इथल्या एकाचा व्यक्तिगत निरोप (व्यनि) आला. त्यांच्याकडे त्याच बापाचं, वेगळ्या आईचं पिल्लू आहे. त्यालाही एकच उतरलेलं. आज मी आमच्या लिटरमधल्या (एकाच वेतातल्या) बाकी तिन्ही मेलच्या मालकांना फोन केले. एकाचंही तसंच आहे. त्यांनी मला सांगितलंच नव्हतं, कारण त्यांना वाटलं मी रागावेन, पिल्लाचे पैसे परत मागितले असं समजेन.

दोन वेगळ्या आया, एक बाप, तीन पिल्लं. डॉक्टर, यावरून काय म्हणता येतं?

---

पशुवैद्य_७७ | १४ जानेवारी, रात्री ११:१५

बाप हा घटक पुढे देतोय, एवढं जवळजवळ नक्की म्हणता येतं. त्याच्यावर शस्त्रक्रिया झालीय असं म्हणता येत नाही. दोन्ही उतरलेला, निरोगी दिसणारा नरही वाहक असू शकतो. त्याच्या मालकांना हे माहीतच नसेल, हीही शक्यता तेवढीच खरी. त्यांना कळवा. लेखी कळवा, पिल्लांच्या चिप नंबरांसह.

---

जुना_हँडलर | १५ जानेवारी, पहाटे ५:५०

झोप लागली नाही म्हणून लिहितोय. सव्वीस वर्षं रिंगमध्ये काढली, आता सोडलंय.

खडू लावलाय. नाकावरचा फिका डाग रंगवलाय. बुजऱ्या कुत्रीला गोळी देऊन आत नेलंय, ती रिंगमध्ये शांत उभी राहिली आणि जजनी "छान स्वभाव" म्हणून शेरा मारला. तिच्या पिल्लांपैकी एकाने पुढे घरातल्या मुलाला चावलं. शेफर्डच्या मालकिणीला मांडवामागे उभं करून ठरलेल्या खुणेला शिट्टी वाजवायला लावलीय. लीश (गळ्यातला पट्टा) कानामागे उंच ताणून पुढचे पाय अधांतरी ठेवून पळवलंय, म्हणजे कोपराचा ढिलेपणा दिसत नाही.

टाकाही घातलाय. मी स्वतः नाही, पण माहीत असून तो मेल मी आत नेला. जज हात लावतात तेव्हा मी कलेजीचा तुकडा तोंडासमोर धरून त्याला थोडा पुढे झुकवायचो, म्हणजे हात जास्त वेळ तिथे राहत नाही. तो चॅम्पियन झाला. त्याच्या किती मेटिंग झाल्या याची मोजदाद मी ठेवली नाही. आज कुठल्याही शोला गेलो की त्या जातीच्या रिंगमध्ये दोन-तीन कुत्र्यांच्या पेपरवर आजोबा, पणजोबा म्हणून त्याचं नाव वाचतो.

रिंगसाईड भाऊ, मीही हेच म्हणायचो, एकट्याने नाही केलं तर मागे पडतो. आता एवढंच सांगतो. खडू लावायला लागलो त्या दिवशी मला टाका घालायचा नव्हता. मधे बारा वर्षं गेली. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा एवढीशीच खाली होती.

पोरी, ज्यांनी तुला टाक्याचं सुचवलं त्यांना मी ओळखत असेन किंवा नसेन. पण ते तुझं भलं म्हणूनच सांगत होते, हे लक्षात घे. त्यांना यात वाईट दिसतच नाही. मला दिसत नव्हतं.

---

मीनल_नाशिक | १५ जानेवारी, सकाळी ७:३०

काका, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमच्यावर रागही आला, तोही खरा आहे.

---

जुना_हँडलर | १५ जानेवारी, सकाळी ८:०५

यावाच, ताई.

---

रिंगसाईड | १५ जानेवारी, सकाळी ११:००

काकांचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. मी बुजऱ्या कुत्रीला गोळी दिलेली नाही, पण शिट्टीसाठी मांडवामागे उभा राहिलोय. ती फसवणूक आहे असं मला आजपर्यंत वाटलं नव्हतं, कारण कान तर कुत्र्याचेच आहेत. पण ज्याच्याकडे मांडवामागे उभं राहायला दुसरं माणूस नाही, एकटाच एसटीने कुत्रं घेऊन आलाय, त्याच्यावर अन्याय होतो, हे मान्य.

एक मात्र विचारतो. जजचं काय? आम्ही हँडलर शिव्या खातो. ओळखीच्या चेहऱ्याला पहिलं देणारे जज असतात. लीशच्या खालच्या टोकाकडे न बघता वरच्या टोकाकडे बघतात.

---

लीड्सकर | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

एफसीआयचा नियम आहे की मागच्या सहा महिन्यांत जज ज्या कुत्र्याचा मालक किंवा भागीदार होता, जे त्याने विकलं, सांभाळलं, तयार केलं किंवा रिंगमध्ये नेलं, त्याला त्याने जज करू नये. पण मैत्रीला सहा महिन्यांची मुदत नसते. यावर मला एकच उपाय दिसतो : जजने प्रत्येक कुत्र्याबद्दल लेखी शेरा द्यावा आणि तो सगळ्यांना वाचता यावा. युरोपात बऱ्याच शोंमध्ये लेखी शेरा देतात. "मागचे पाय जवळ" असं लिहून पहिला क्रमांक दिला, तर वाचणारा विचारतोच.

---

आप्पा_सोलापूर | १५ जानेवारी, रात्री ९:००

सगळे टाक्यावर बोलताय, पेपरवर कुणी बोललंच नाही. आमच्या भागात कारवानीत ग्रेहाउंड घालतात. उंची येते, वेग येतो, शर्यतीला बरं पडतं. आणि पेपरवर बाप म्हणून घरचाच कारवानी. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधान 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांवर बोलले, मुधोळचं, म्हणजे आपल्या कारवानीचंच, नाव घेतलं, त्यानंतर मागणी अशी वाढली की ज्याच्याकडे काल काही नव्हतं तो आज मुधोळ-कारवानीचा ब्रीडर झाला. पाच पिल्लं झाली की आठ नोंदवायची आणि उरलेले तीन पेपर दुसऱ्याच पिल्लांना लावायचे, हेही डोळ्यांनी पाहिलंय.

मुधोळच्या घोरपडे राजांनी जी जात निगुतीने सांभाळली, पोस्टाने २००५ साली जिचं तिकीट काढलं, ती आमच्या हयातीत पातळ होतेय. टाका घातलेला एक मेल पकडता येईल. रक्तात मिसळलेलं कसं वेगळं काढणार?

---

पशुवैद्य_७७ | १५ जानेवारी, रात्री १०:४०

आप्पा, तुमचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे असं माझं मत. पण त्यात एक भेद करायला हवा.

डाल्मेशियनचं उदाहरण घ्या. त्या जातीत युरिक अॅसिडचा दोष इतका पसरला होता की निर्दोष डाल्मेशियन शिल्लकच नव्हता, मूतखड्यांनी कुत्री हैराण. १९७३ साली अमेरिकेत एका आनुवंशिकीच्या अभ्यासकाने एकदाच, सगळ्यांना सांगून, पॉइंटरशी संकर केला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या डाल्मेशियनशीच मेटिंग केलं. विरोध इतका की तिथल्या केनेल क्लबने त्या वंशाची नोंद पक्की करायला २०११ उजाडलं. पण आज निरोगी डाल्मेशियन आहेत ते त्यामुळे.

म्हणजे बाहेरचं रक्त आणणं हाच गुन्हा नाही. नोंद खोटी करणं हा गुन्हा. पॉइंटर कुठल्या पिढीत आला हे लिहिलेलं होतं म्हणून प्रत्येक पिढीत काय होतंय ते तपासता आलं. तुमच्याकडचा ग्रेहाउंड कुठे आला हे कुणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे दहा वर्षांनी एखादा आजार दिसला तर शोधायचा कुठे?

उपाय महागडा नाही. अमेरिकेत २००० सालापासून, ज्या नराची आयुष्यात सात किंवा अधिक लिटर होतात, किंवा एका वर्षात तीनपेक्षा जास्त, त्याचा डीएनए नोंदवणं सक्तीचं आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, एवढंच. आपल्याकडे निदान चॅम्पियन नरांचा तरी डीएनए नोंदवा आणि प्रत्येक लिटरमधलं एक पिल्लू चिठ्ठी टाकून तपासा. चिपने पिल्लू कोणतं ते कळतं, बाप कोण ते नाही.

---

खिल्लारप्रेमी | १६ जानेवारी, सकाळी ७:००

डॉक्टर, बैलाच्या बाजूनेही हे व्हायला हवं. वेगळा धागा काढतो.

---

सई_माण | २ फेब्रुवारी, रात्री ८:५०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला.

हरण्याची शस्त्रक्रिया २१ तारखेला झाली. दुसरं वृषण जांघेत होतं, बारकं. काल टाके काढले. चार दिवस गळ्यातल्या प्लास्टिकच्या शंकूला सगळ्या दारांवर आपटत फिरत होता, आता पळतोय.

बापाच्या मालकांना पत्र लिहिलं, चिप नंबरांसह. आठ दिवस उत्तर आलं नाही, मग फोन आला. आवाज चढलेला होता. म्हणाले, "आमच्याकडे अशी तक्रार पहिल्यांदाच येतेय." मी म्हटलं, व्यनि पाठवणाऱ्यांची परवानगी घेऊन तो दुसरा नंबरही देते. त्यावर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "अजून दोघांनी मागे सांगितलं होतं." त्यांनी ठरलेली दोन मेटिंग थांबवलीत असं सांगितलं. खरं-खोटं मला तपासता येणार नाही, पण मी विश्वास ठेवायचं ठरवलंय.

बहिणींपैकी दोघींच्या मालकांनी मेटिंग करणार नाही म्हणून सांगितलं. तिसरीचे म्हणाले, "फिमेलमध्ये दिसत नाही ना, मग कुणाला कळणार?" त्यांना मी या धाग्याची लिंक पाठवलीय आणि पिल्लू परत घ्यायची तयारी दाखवलीय.

बिजलीचं पुन्हा लिटर घेणार नाही. हे सगळ्यांत अवघड होतं. ती माझी सर्वांत चांगली फिमेल आहे.

ज्या हँडलरनी टाक्याचं सुचवलं होतं त्यांनाही भेटून "नको" असं सांगितलं. ते म्हणाले, "वेडी आहेस, असा कुत्रा परत मिळणार नाही." ते बरोबर बोलले, असा परत मिळणार नाही.

जुना_हँडलर काका, तुम्हाला एक विनंती आहे. मार्चमधल्या शोला मी बिजलीच्या मावशीच्या नातीला नेतेय, ती सात महिन्यांची आहे आणि मला अजून नीट स्टॅक (जजसमोर ठरावीक पवित्र्यात उभं) करता येत नाही. तुम्ही शिकवाल का?

---

जुना_हँडलर | २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

रविवारी ये. कुत्री उपाशी आणू नकोस, आणि लीश सैल ठेवायची सवय आत्तापासून लाव.